गाडीला काम हवे

खेळण्यातली आगगाडी कितीही देखणी असली, तरी थोड्याच वेळात ती पाहणाऱ्याला कंटाळा आणते. तिच्या रूपात काही उणे असते म्हणून असे होत नाही. ती बेकार असते म्हणून होते. ती कुठून आलेली नसते आणि तिला कुठे जायचेही नसते. गोल रुळांवरून जिथून निघाली तिथेच ती परत येते आणि वाटेत कोणी चढत नाही, काही उतरत नाही. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या काही हौशी माणसांनी या बेकारीवर इलाज शोधला. त्यांतल्या प्रमुख मंडळींचा पोटापाण्याचा धंदा रेल्वेचा नव्हता. एक रंगभूमीवरून आलेला होता, एक छायाचित्रकार, एक नौदलाच्या प्रयोगशाळेतला अभियंता आणि एक चर्चमधला पाद्री. छोट्या गाडीला खरेपण कशाने येते, या प्रश्नाची उत्तरे त्यांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे दिली. मला ती उत्तरे एकाच दिशेने जाणारी वाटतात : गाडी खरी दिसण्याआधी तिला खरे काम मिळाले पाहिजे.

या छंदाला रीतसर रूप आले ते १९३०च्या दशकात. जानेवारी १९३४मध्ये अल काल्मबाख यांनी मिलवॉकीहून ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक सुरू केले आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. एका कारागिराची चाके दुसऱ्याच्या रुळांवर चालावीत म्हणून या संघटनेने मापे ठरवून दिली. मापे ठरली, गाड्या घसरायच्या थांबल्या. आता त्या चालवून करायचे काय, हा प्रश्न मात्र तसाच होता.

त्याचे पहिले समाधानकारक उत्तर न्यू ऑर्लीन्समधल्या फ्रँक एलिसन यांनी दिले. त्यांची ‘डेल्टा लाइन्स’ ही ओ स्केलची, म्हणजे मूळ आकाराच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची रेल्वे होती आणि विजेसाठी तिला बाहेरच्या बाजूला तिसरा रूळ होता. त्या तिसऱ्या रुळामुळे आजच्या डोळ्यांना ती खेळण्यासारखीच दिसते. पण एलिसन रंगभूमीवर वावरलेले होते आणि त्यांनी आपल्या रेल्वेकडे नाटकवाल्याच्या नजरेने पाहिले. १९४४मध्ये ‘मॉडेल रेलरोडर’मधून आलेल्या लेखमालेत त्यांनी मांडले की डोंगर, नदी, गाव हे नेपथ्य आहे, रूळ हा रंगमंच आहे, गाड्या ही पात्रे आहेत आणि वेळापत्रक हे कथानक आहे. नाटकवेड्या मराठी वाचकाला यातली मेख फोडून सांगायला नको. नेपथ्य कितीही सुरेख असले, तरी पात्राला रंगमंचावर येण्याचे कारण नसेल तर प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करू लागतात.

ही उपमा सजावटीपुरती नव्हती, हे एलिसन यांचे मोठेपण. त्यांच्या डेल्टा लाइन्सवर मेल गाडी येण्याची वेळ झाली की मालगाडीला मुकाट्याने बाजूच्या रुळावर, म्हणजे लूपमध्ये, शिरावे लागे. मालगाडीतली प्रत्येक वाघीण, म्हणजे मालाचा डबा, कुणाची तरी असे. तिच्यातला माल कुठल्या कारखान्यात उतरवायचा आणि ती रिकामी झाल्यावर कुठे पाठवायची, हे ठरलेले असे. वाट पाहणे, मागे सरणे, दुसऱ्याला पुढे जाऊ देणे, म्हणजे खऱ्या रेल्वेवर ज्यांनी दिवसाचे तास खर्ची पडतात त्याच गोष्टी, एलिसन यांनी खेळाचा गाभा केल्या. तोवर हौशी माणसाला उभी असलेली गाडी म्हणजे वाया गेलेली गाडी वाटे. लूपवर थांबलेल्या मालगाडीकडेही उत्सुकतेने पाहता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

नाटकाचा विचार पटला, तरी रंगमंच फारच आखूड होता. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दहा मीटर लांबीची खोली आपल्याकडे दिवाणखान्यालाही मिळत नाही. ती मिळाली असे धरले, तरी एचओ स्केलमध्ये, म्हणजे सत्याऐंशीपट लहान आकारात, ती भरते फक्त ८७० मीटर. भारतातल्या एखाद्या लांब मालगाडीची शेपटी अजून स्टेशनाबाहेर असतानाच तिचे इंजिन पुढच्या स्टेशनात शिरावे, असा हा प्रकार. म्हणून या मंडळींनी घड्याळच वेगाने पळवले. खऱ्या दहा मिनिटांत त्यांच्या घड्याळाचा एक तास व्हावा किंवा दीड तास, हे ज्याने त्याने आपल्या खोलीच्या लांबीवरून ठरवावे. अंतर वाढवता येत नाही म्हणून वेळ आटवायचा, ही युक्ती बालिश वाटेल; पण पळत्या घड्याळाखाली एकदा शंटिंग, म्हणजे डब्यांची जोडतोड, केले की त्यातला ताण खरा आहे, हे हातांनाच समजते.

खोलीच्या आखूडपणाचा सर्वांत पद्धतशीर विचार जॉन आर्मस्ट्राँग यांनी केला. १९२० ते २००४ असे त्यांचे आयुष्य. मेरीलँड राज्यात सिल्व्हर स्प्रिंग इथे त्यांचे घर होते आणि नोकरी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत अभियंत्याची होती. तळघरात त्यांची ‘कॅनंडाइग्वा सदर्न’ नावाची काल्पनिक रेल्वे होती. १९६३मध्ये वास्तव वाहतुकीसाठी रुळांची आखणी कशी करावी, यावरचे त्यांचे पुस्तक आले आणि त्यानंतर या छंदात आराखडा काढण्याची रीतच बदलली.

आर्मस्ट्राँग यांची चौकोनांची पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात स्वप्नाळूपणाला जागाच नाही. आपल्या गाड्यांना झेपेल असे सर्वांत लहान वळण कोणते ते आधी ठरवायचे. त्या वळणाच्या त्रिज्येत शेजारच्या दोन रुळांमधले अंतर दोनदा मिळवायचे, म्हणजे एका चौकोनाची बाजू मिळते. मग खोलीच्या नकाशावर तेवढ्या मापाचे चौकोन पाडायचे आणि त्यांत काय मावते ते पाहायचे. बारा बाय दहाच्या खोलीत किती चौकोन बसतात हे दिसल्यावर घाटातला दुपदरी मार्ग, मोठे यार्ड, बंदर आणि फिरते चक्र हे सगळे एकदम मावणार नाही, हे पेन्सिल खाली ठेवण्याआधीच कळून चुकते. लाकूड कापून झाल्यावर हेच कळणे बरेच महागात पडते.

माणसाने गाडीबरोबर चालावे, यावरही त्यांचा भर होता. जुन्या पद्धतीत चालवणारा मधल्या खड्ड्यात, बटणांच्या फळीसमोर बसून साऱ्या राज्यावर नजर ठेवी. आर्मस्ट्राँग यांनी लेआउटच्या, म्हणजे मांडलेल्या छोट्या रेल्वेच्या, कडेने गल्ल्या काढल्या. चालकाने हातात नियंत्रक घेऊन आपल्या गाडीसोबत पावले टाकायची आणि गाडी एका देखाव्यातून एकदा गेली की पुन्हा तिथे दिसू द्यायची नाही. त्यामुळे गाडी कुठेतरी निघाली आहे, हे चालवणाऱ्याच्या पायांना कळते. जागा आणखी वाढवावी म्हणून त्यांनी एकावर एक अशा दोन मजल्यांची रचनाही सुचवली. तिच्यात खालचा मजला एका गल्लीकडे तोंड करून असतो आणि वरचा दुसऱ्या, उंच केलेल्या गल्लीकडे, म्हणजे दोन्ही ठिकाणी गाडी डोळ्यांसमोरच येते. आडव्या छेदात ही रचना छत्रीसारखी दिसते म्हणून तिला मशरूम म्हणतात. या माणसाने पुढे खऱ्या अमेरिकन रेल्वेचे कामकाज समजावून सांगणारे पुस्तकही लिहिले आणि रेल्वेच्या धंद्यात नव्याने येणाऱ्यांच्या हाती ते पाठ्यपुस्तक म्हणून पडू लागले. छंदाने धंद्याला शिकवावे, असे वारंवार घडत नाही.

आता जॉन ॲलन यांच्याविषयी. या छंदातले सर्वांत प्रसिद्ध नाव त्यांचेच आणि माझ्या मते सर्वांत जास्त गैरसमज झाला तोही त्यांचाच. कॅलिफोर्नियातल्या माँटेरी इथे राहणारे हे छायाचित्रकार. त्यांची ‘गोरी अँड डिफीटेड’ ही एचओ स्केलची रेल्वे १९४६च्या सुमारास लहान आकारात सुरू झाली आणि पुढे नव्या घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत पोचणारे डोंगर घेऊन वाढत गेली. तोवर मॉडेलचा डबा कारखान्यातून नुकताच बाहेर पडल्यासारखा चकाकत असे. ॲलन यांनी डब्यांवर गंज चढवला, धूर बसवला, लाकूड कुजवले, छपराची एखादी फळी निखळू दिली. वापरलेली वस्तूच खरी दिसते, हे त्यांच्या चित्रकाराच्या डोळ्याने हेरले होते. त्यांची छायाचित्रे मासिकांत आणि जाहिरातींत झळकली आणि अमेरिकाभर लोकांनी खोल दऱ्या आणि त्यांवरचे उंच लाकडी पूल उभारायला घेतले.

पण फोटोत वेळापत्रक दिसत नाही. ॲलन यांच्याकडे मित्रांची टोळी नियमाने जमे. घड्याळ पळे, कामे वाटून दिलेली असत आणि ती रेल्वे शिस्तीत चालवली जाई. ज्यांनी फक्त फोटो पाहिले त्यांनी दऱ्या उचलल्या आणि शिस्त तिथेच राहिली. या शिस्तखोर माणसाच्या यार्डात एमा नावाचा एक स्टेगोसॉरस जातीचा डायनासोरही होता. इंजिनाच्या जागी जुंपलेला हा प्राणी डबे इकडून तिकडे करी. वास्तवतेचे सोवळे कुठवर पाळायचे, हे ॲलन यांना इतरांपेक्षा बरे कळत होते, असे मला वाटते. ‘टाइमसेव्हर’ हा त्यांचा शंटिंगचा खेळही गाजला. एक इंजिन, पाच वाघिणी, आखूड रुळांचे गुंतागुंतीचे जाळे. प्रत्येक वाघीण कमीत कमी वेळात ठरल्या जागी पोचवायची. असा त्रासदायक आराखडा कुठलाही शहाणा रेल्वे अभियंता मुद्दाम आखणार नाही, ही त्यावरची टीका खरी आहे. कोडे म्हणून तो अव्वल आहे, वास्तवाचा नमुना म्हणून नाही. ६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन वारले आणि त्यानंतर काही दिवसांतच लागलेल्या आगीत त्यांची रेल्वे जळाली. उरले ते फोटोच, त्यामुळे तो गैरसमज आणखी पक्का झाला.

प्रसिद्धी कमी, पण परिणाम सर्वांत खोल, असा मान मी डग स्मिथ यांना देईन. डिसेंबर १९६१मध्ये त्यांनी मांडलेली पत्ते आणि चिठ्ठ्यांची पद्धत आजही शेकडो तळघरांत चालते. प्रत्येक वाघिणीचा एक पत्ता, म्हणजे कार्ड, असतो. त्यावर तिच्या कंपनीची आद्याक्षरे, तिचा क्रमांक आणि ती बंद आहे की उघडी, हे लिहिलेले असते. पत्त्याच्या खालच्या भागात दुमडून केलेला खिसा असतो आणि त्या खिशात मालाची चिठ्ठी खोचतात. पुढे रुळलेल्या रूपात या चिठ्ठीला चार बाजू आल्या. पहिल्या बाजूला लिहिलेले असते, ‘रिकामी, खाणीकडे’. पुढच्या खेपेला चिठ्ठी उलटी करून खोचली की तीच वाघीण ‘कोळसा, वीजघर’ होते, आणि तिसऱ्या खेपेला पुन्हा रिकामी. गाडी गावात आली की गार्डच्या भूमिकेतला माणूस हातातल्या पत्त्यांची चळत पाहतो, इथे सोडायच्या वाघिणी वेगळ्या काढतो आणि लेआउटच्या कडेला ठोकलेल्या लाकडी पेटीत त्यांचे पत्ते टाकतो. त्याच पेटीतून उचलायच्या वाघिणींचे पत्ते घेऊन तो पुढे निघतो.

वर्णन वाचून हे कारकुनी काम वाटेल, आणि ते आहेच. पण हा कागद हाती आल्याबरोबर चालकाची नजर बदलते. तपकिरी डबा आता नुसता तपकिरी डबा राहत नाही. तो कुठल्याशा फर्निचरच्या कारखान्यात जायचा आहे, त्या कारखान्याच्या सायडिंगचा, म्हणजे तिथे जाणाऱ्या फाट्याचा, सांधा उलट्या बाजूने पडतो आणि म्हणून इंजिन आधी वळसा घालून डब्यांच्या दुसऱ्या टोकाला न्यावे लागणार आहे. खरा शंटिंग मास्तर दिवसभर हाच विचार करतो.

या सगळ्या धाग्यांची वीण ज्यांनी घातली ते ओहायो राज्यातल्या डेटन शहराचे ॲलन मॅकक्लेलंड. ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ ही त्यांची कोळसा वाहणारी कंपनी पूर्णपणे काल्पनिक होती. पण १९७७पासून ‘रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन’ मासिकात आलेली तिची लेखमाला वाचताना अशी कंपनी नव्हती, यावर विश्वास बसत नाही. त्यांचा मुख्य विचार असा : आपले लेआउट ही सबंध रेल्वे नव्हे. ती देशभर पसरलेल्या जाळ्यातली एक फीत आहे आणि तिची दोन्ही टोके भिंतीपलीकडे जातात. म्हणून भिंतीआड, नजरेला न दिसणारी यार्डे हवीत. तिथून गाड्या रंगमंचावर येतील, आपले काम करतील आणि पुन्हा ‘बाकीच्या देशात’ निघून जातील. कोळशाने भरलेली गाडी पूर्वेच्या बंदराकडे जाते. बंदर त्या तळघरात नाही, पण चालवणाऱ्याच्या मनात आहे.

डोंगराळ मुलखातली कोळशाची वाहतूक असल्यामुळे जादा इंजिने लावण्याचे कामही तिथे आले. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीच्या मागे बँकर लागताना ज्यांनी खिडकीतून पाहिले आहे, त्यांना त्या थांब्याची गंमत सांगावी लागत नाही. धक्का बसतो, डबे एकमेकांना भिडतात आणि मग गाडी नेट लावून निघते. मॉडेलवर हा थांबा म्हणजे आणखी एक माणूस, त्याच्याकडे एक इंजिन आणि चढण संपल्यावर त्याला परत खाली आणण्याचा नवा प्रश्न.

मॅकक्लेलंड यांची दुसरी देणगी म्हणजे ‘चालेल इतपत’ ही वृत्ती. एकच इंजिन वर्षभर घासत बसण्यापेक्षा सबंध रेल्वेभर एकसारखा, पुरेसा दर्जा राखावा, असे त्यांचे म्हणणे. तीन फुटांवरून जे दिसणार नाही त्यासाठी डोळे फोडायचे नाहीत. शुद्धतावाद्यांना हे रुचले नाही. मला मात्र यात प्रपंच करणाऱ्या माणसाचा शहाणपणा दिसतो, कारण एखादे यंत्र परिपूर्ण होईपर्यंत वाहतूक सुरूच न करणारी रेल्वे कंपनी जगात टिकली नसती. ‘रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन’चे तेव्हाचे संपादक टोनी कोस्टर यांनी न्यू जर्सीतल्या आपल्या तळघरात ‘अलेगेनी मिडलँड’ ही दुसरी काल्पनिक कंपनी उभी केली आणि आपली कंपनी मॅकक्लेलंड यांच्या कंपनीला कागदोपत्री जोडून घेतली. दोन राज्यांतली दोन तळघरे, मध्ये शेकडो मैल, आणि तरी एकीच्या वाघिणी दुसरीच्या गाडीत दिसत.

इंग्लंडमध्ये सहसा तळघरे नसतात आणि खोल्याही लहान, त्यामुळे तिथल्या मंडळींनी हाच विचार वेगळ्या वाटेने केला. पीटर डेनी या पाद्रींनी १९४०च्या दशकापासून ग्रेट सेंट्रल रेल्वेची बकिंगहॅमला जाणारी एक कल्पित शाखा उभारली आणि ती १९०७च्या सुमाराच्या काळात नांदवली. स्टेशनांमध्ये संदेश जात ते खऱ्यासारखे, घंटेच्या ठोक्यांनी. दुसऱ्या टोकाला त्यांचा मुलगा क्रिस्पिन मदतीला असे. तो नसेल तेव्हा घंटेला उत्तर देऊन गाड्या पाठवणारे एक यंत्रच त्यांनी बनवले आणि त्याचे नाव ठेवले ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. मुलगा मोठा होऊन घराबाहेर पडू लागला म्हणून वेळापत्रक बिघडू देणार नाही, असा बाप मला फार लोभस वाटतो. ‘रेल्वे मॉडेलर’ मासिकाचे संपादक सिरिल फ्रीझर यांनी १९५७मध्ये ‘मायनोरीज’ हा शहरी टर्मिनसचा चिमुकला आराखडा दिला. तीन फलाट आणि त्यांच्या तोंडाशी सांध्यांची अशी मांडणी की गाडी उलटसुलट वळणांत हेलकावत नाही. त्यापलीकडे आडोशामागचे यार्ड, जिथे हाताने डबे बदलून गाड्या पुन्हा तयार करायच्या. म्हणजे मॅकक्लेलंड यांची भिंतीपलीकडची दुनिया इंग्रजांनी आधीच एका फळीवर आणून ठेवली होती.

आमच्या फ्लॅटमध्ये मावले ते याहून लहान : ॲलन राइट यांचे ‘इंगलनुक सायडिंग्ज’ हे शंटिंगचे कोडे. पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर तीन रूळ आहेत, एकात पाच वाघिणी मावतात, दुसऱ्या दोहोंत तीन-तीन. पुढच्या आखूड रुळावर इंजिन आणि तीनच वाघिणी उभ्या राहतात. एकंदर आठ वाघिणी, त्यांच्या आठ चिठ्ठ्या. त्यांतल्या पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने पाचांची गाडी जोडायची. अशा ६,७२० वेगवेगळ्या गाड्या मागता येतात. पहिल्या क्रमांकाची वाघीण नेमकी मधल्या रुळाच्या तळाशी असते. तिच्यापुढच्या दोन आधी काढाव्या लागतात, त्या ठेवायला तिसऱ्या रुळावर एकाचीच जागा उरलेली असते, आणि मग हात इंजिनावर ठेवून नुसते पाहत बसण्याची पाळी येते. घरचे म्हणतात, गाडी चालत का नाही? ती चालतेच आहे, फक्त विचारात आहे.

आपल्याकडे छोटी रेल्वे म्हटले की पुण्यातले, कोथरूडचे जोशी यांचे संग्रहालय आठवते. १९९८पासून ते लोकांना गाड्यांचे सुंदर शहर दाखवत आले आहे. पण तिथे आपण प्रेक्षक असतो. हातात पत्ते घेऊन गाडी चालवण्याची रीत मात्र आपल्याकडे फारशी पाहायला मिळत नाही. मापांचीही अडचण आहे. आपला ब्रॉडगेज दोन रुळांमधल्या १६७६ मिलिमीटर अंतराचा. सत्याऐंशी हिश्शाने तो १९.३ मिलिमीटर व्हायला हवा, पण बाजारात मिळणारे एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, कारण ते अमेरिकेच्या आणि युरोपच्या गेजवरून घेतलेले. पावणेतीन मिलिमीटरची ही तूट मी मॅकक्लेलंड यांच्या ‘चालेल इतपत’च्या खात्यावर टाकून मोकळा झालो आहे. इंग्रजांनी आपल्या गेजच्या बाबतीत अशीच तूट पिढ्यान्‌पिढ्या चालवून घेतली. डेनी यांच्यासारख्या काहींनीच रूळ थोडे रुंद करण्याचा खटाटोप केला.

कोस्टर यांनी पुढे आपली अलेगेनी मिडलँड मोडली आणि निकेल प्लेट रोड या खऱ्या रेल्वेचा १९५०च्या दशकातला तुकडा उभारायला घेतला. तिथे एकेरी मार्गावरच्या गाड्या वेळापत्रक आणि लेखी हुकमांवर चालतात : कुठली गाडी वरचढ, कोणी कुठे लूपमध्ये थांबायचे, हुकूम कोणाच्या हातात द्यायचा, हे सारे जुन्या नियमपुस्तकाप्रमाणे. अमेरिकेतल्या खऱ्या रेल्वेने ही पद्धत केव्हाच मोडीत काढली. आज ती जिवंत आहे ती मुख्यतः अशा हौशी लोकांच्या घरांत, आणि निवृत्त रेल्वेवाले तिथे येऊन तरुणांना हुकूम कसा लिहायचा ते शिकवतात. खऱ्या इतिहासाला चिकटून राहण्याची ही ओढ मला समजते. तरीही माझा कल काल्पनिक रेल्वेकडेच राहतो, कारण तिच्यात कागदोपत्री खरे असण्याची जबाबदारी सगळी आपल्यावर येते.

म्हणून माझ्या फळीवरचे स्टेशन कुठल्याही नकाशात नाही. ते मनमाड आणि भुसावळच्या मध्ये कुठेतरी आहे. लासलगावचा कांदा पश्चिमेकडून येतो आणि पुढे हावड्याच्या वाटेला लागतो. जळगावचा कापूस उलट दिशेने गिरण्यांकडे जातो. रावेर-सावद्याच्या केळ्यांना दिल्ली गाठायची असते, त्यामुळे त्या बाजूला पाठवलेल्या रिकाम्या वाघिणींना यार्डात रेंगाळू देऊन चालत नाही. आठांपैकी पाच वाघिणींना अजून रंग द्यायचा आहे. चिठ्ठ्या मात्र आठांच्याही लिहून झाल्या आहेत आणि गाड्या त्यांवर चालू आहेत.